नको तो मेसेज, हवा तो शब्द

तार आली म्हटलं की पूर्वी घरात सगळ्यांच्या काळजात धस्स व्हायचं. कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना, हाच पहिला विचार. आता डोळ्यांपुढे आणा: दिवेलागण होऊन गेलीय, तारवाला दार वाजवतोय, धडधडत्या छातीनं तुम्ही पाकीट फोडता आणि आत काय, तर दाताच्या डॉक्टरची जाहिरात! लंडनमध्ये मे १८६४ मध्ये हे खरोखर घडलं. मेसर्स गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांनी शहरातल्या बड्या राजकारण्यांना तारा धाडल्या. मजकूर एवढाच, की ऑक्टोबरपर्यंत आमचा दवाखाना दहा ते पाच उघडा राहील. त्यांतल्या एकाचा पारा असा चढला की त्यानं थेट ‘द टाइम्स’ला पत्र लिहून विचारलं: ओळख ना पाळख, मला तार पाठवून त्रास द्यायचा हक्क या लोकांना दिला कुणी?

नीट पाहा, त्यानं दवाखान्याला नावं ठेवली नव्हती. राग होता तो न विचारता घरात शिरण्याचा. फोनवर कर्जाचा, प्लॉटचा, रमीचा मेसेज टणकन वाजला की आपणही दिवसातून दहा वेळा हाच प्रश्न विचारतो.

हातानं टाइप केलेले ३९३ पत्ते

इंटरनेटवरचा पहिला आगंतुक मेसेज ३ मे १९७८ चा मानतात. तेव्हा इंटरनेटही नव्हतं, त्याचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट होतं, आणि त्यावर मोजके संशोधक नि लष्करी खात्याची माणसं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थुर्कला नव्या मशिनचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. एकेकाला कशाला कळवा, सगळ्यांनाच एकदम धाडू, असं त्यानं ठरवलं. सहकाऱ्यानं छापील डिरेक्टरीतून एकेक पत्ता हातानं टाइप केला. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या रकान्यात मावेनात. उरलेले खाली मजकुरातच सांडले!

तक्रारींचा पाऊस पडला. लष्करी खात्यानं कंपनीला झापलं. पण थुर्कच्या सांगण्यानुसार त्या एका मेसेजातून कंपनीचा एक कोटी डॉलरहून जास्त धंदा झाला. इतक्या वर्षांत कचरा का थांबला नाही, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. पाठवणाऱ्याला जवळजवळ फुकट पडतं, वाचणाऱ्याचा वेळ जातो, आणि हजारात एखादा गळाला लागला तरी पैसे सुटतात.

डब्यातल्या मांसाचं नाव

‘स्पॅम’ हे मुळात अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीनं १९३७ मध्ये बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचं नाव. १९७० मध्ये ब्रिटनच्या ‘मॉन्टी पायथन’ मंडळींनी टीव्हीवर एक प्रहसन केलं. उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम, नको म्हटलं तरी स्पॅम, आणि बाजूच्या टेबलावरचे लोक ‘स्पॅम, स्पॅम’ असं मोठ्यानं गाऊन बाकीच्यांचं बोलणंच बुडवून टाकतात. नेटवर एकच गोष्ट पुन्हापुन्हा टाकून इतरांना बोलू न देणाऱ्यांना हेच नाव चिकटलं. म्हणजे स्पॅम या शब्दाच्या पोटातच एक तक्रार आहे: तुमच्या गोंगाटात माझा आवाज बुडतोय. कचरा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे दोन वेगळे विषय नाहीत, असं मला वाटतं ते यामुळेच.

वकीलच आघाडीवर

१२ एप्रिल १९९४ ला अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्यानं ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात युझनेटवरच्या पाच हजारांहून जास्त चर्चागटांत एकाच वेळी टाकली. मांजरं पाळणाऱ्यांचा गट असो की गणितज्ञांचा, सगळीकडे ग्रीन कार्ड. लोक खवळले, पण दोघांनी माफी मागितली नाहीच, उलट नेटवर जाहिरात कशी करावी यावर पुस्तक लिहिलं!

जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न मिटलेला असेल. त्यालाही आता दोन दशकं उलटली.

प्रयत्न मात्र अफाट झाले, हे मान्य करायला हवं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरनं एक युक्ती मांडली: नियम रचत बसू नका, कचऱ्यात कुठले शब्द किती वेळा येतात ते यंत्रालाच मोजायला शिकवा. आज आपल्या मेलबॉक्सच्या दारावर पहारा देणारी यंत्रणा त्याच वाटेनं पुढे गेली. आणि ‘तुम्ही रोबो नाही ना?’ म्हणून वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावायचे, ते आठवतंय? २००७ नंतर त्यातली बरीचशी अक्षरं जुन्या पुस्तकांच्या आणि ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या जुन्या अंकांच्या स्कॅनमधली होती, यंत्राला न वाचता आलेली. स्पॅमवाल्यांना अडवता अडवता जगभरच्या लोकांनी जुनी वर्तमानपत्रं वाचून काढली. मला ही फार सुंदर गोष्ट वाटते.

पाठवणाऱ्याच्या नावात दडलेली अक्षरं

आता आपल्याकडे या. एसएमएस आला की वर पाठवणाऱ्याचं जे इंग्रजी नाव दिसतं, ते नुसतं नाव नाही, तो पत्ता आहे. पहिलं अक्षर टेलिकॉम कंपनीचं: ए म्हणजे एअरटेल, जे म्हणजे जिओ. दुसरं अक्षर विभागाचं: एम म्हणजे मुंबई, डी म्हणजे दिल्ली. आणि २०२५ पासून शेवटी छोटी रेघ देऊन आणखी एक अक्षर येतं. पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवेची माहिती, टी असेल तर व्यवहाराचा मेसेज, जी असेल तर सरकारी. एवढी चार अक्षरं घरातल्या ज्येष्ठांना शिकवायला पाच मिनिटं लागतात. ‘तुमचं खातं बंद होतंय’ हा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही, हे त्यांना लगेच कळतं.

कॉलचंही तसंच आहे. नोंदणी केलेल्या जाहिरातवाल्यांना १४० नं सुरू होणारे नंबर दिलेत आणि बँका-विमावाल्यांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची मालिका काढली आहे. जाहिराती अजिबात नको असतील तर १९०९ वर ‘स्टार्ट’ आणि त्यापुढे शून्य असा इंग्रजीत एसएमएस करायचा. या सगळ्या व्यवस्थेतली मला आवडलेली गोष्ट ही, की मेसेजात काय लिहावं हे सरकार ठरवत नाही. हवं की नको ते ग्राहक ठरवतो. १८६४ च्या त्या चिडलेल्या लंडनकराला हेच हवं होतं.

मावशीचा गणपती

२०१८ च्या सुरुवातीला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं एक बातमी छापली. भारतीयांचे फोन एवढे का अडकतात, याचा गूगलच्या लोकांनी शोध घेतला, तर सापडली ती सकाळी सकाळी येणारी गुड मॉर्निंगची चित्रं! सूर्योदय, गुलाब, चहाचा कप, वर सुविचार. दर तीन भारतीय स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज भरते, असंही त्या बातमीत होतं. ही चित्रं शोधून पुसून टाकायची सोय गूगलनं मग एका ॲपमध्ये दिली.

आपण या चित्रांना सर्रास कचरा म्हणतो. माझी मावशी सांगलीला एकटी राहते, मुलगा न्यू जर्सीत. ती पहाटे साडेपाचला उठते, आंघोळ, देवपूजा उरकते आणि जास्वंद वाहिलेल्या गणपतीचा फोटो मुलाला पाठवते. तिकडे तेव्हा आदल्या रात्रीची जेवणं चाललेली असतात. मुलगा फोटो उघडून बघतोच असं नाही, पण फोन वाजला की त्याला कळतं, आई उठली, बरी आहे. गेल्या पावसाळ्यात एक दिवस फोटो आला नाही. अर्ध्या तासात त्यानं शेजारच्या काकूंना फोन लावला. मावशीचं रिचार्ज संपलं होतं, एवढंच. काकूंनी दार वाजवलं तेव्हा मावशी म्हणाली, “अगं, मी इथं पोहे परततेय, झालं काय?”

तोच गणपती दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये न विचारता पडला तर तो कचरा. चित्र तेच, फरक फक्त नात्याचा. म्हणून मेसेज वाचून हा कचरा, हा नाही, असं वरून कुणी ठरवू लागलं की माझा जीव धास्तावतो.

राईनपाडा

पण परवानगीची ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा व्हॉट्सॲपवर आधीच फिरत होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. अशा अफवा अनोळखी माणसाकडून येत नाहीत. त्या भावाकडून, मित्राकडून, गावच्या ग्रुपवरून, विश्वासाच्या वाटेनं येतात. १९०९ त्यांना अडवू शकत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं केलं. पुढे एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, अशी मर्यादा जगभर आली. दोन बाणांची खूण दिसते ना, ती याच मेसेजांची. हा उपाय मला पटतो, कारण त्यात कुणाचं तोंड बंद केलेलं नाही. मेसेज कुणी वाचतही नाही. फक्त बोट थोडं थांबतं, आणि तेवढ्यात विचार करायला सवड मिळते.

लाइकला अटक

आता याच्या अगदी उलट टोकाचा उपाय पाहा, तोही आपल्याच राज्यातला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात डिसेंबर २००८ मध्ये कलम ६६अ घातलं गेलं. २००९ च्या ऑक्टोबरात ते लागू झालं. त्यातल्या एका पोटकलमाचा विषय होता ‘त्रास किंवा गैरसोय’ व्हावी म्हणून पाठवलेले किंवा कुणी पाठवले याबद्दल फसवणारे ई-मेल. वाचताना वाटतं, हे तर स्पॅमबद्दलच आहे, बरंच झालं! पण बाकीचा मजकूर ऐसपैस होता. ‘फारच आक्षेपार्ह’ असं काही पाठवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, शहर का बंद ठेवायचं? तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट लाइक केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. हो, लाइक करणारीलाही. लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा दवाखाना जमावानं फोडला. पुढे गुन्ह्याची फाइल बंद झाली आणि दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, पण त्या पोरींच्या आयुष्यातले ते दिवस कुणी परत दिले नाहीत. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा तो २०१४ मध्ये झाला, आणि त्याआधीच त्याचं नाव देशभर पोचलं होतं ते एका लाइकमुळे.

दाबायला गेलं की गोष्ट जास्तच पसरते, याला जगभर ‘स्ट्रायसँड इफेक्ट’ म्हणतात. अमेरिकी गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडनं आपल्या बंगल्याचा फोटो हटवावा म्हणून २००३ मध्ये पाच कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्यापूर्वी तो फोटो डाउनलोड झाला होता फक्त सहा वेळा, त्यातही दोनदा तिच्याच वकिलांनी. बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून जास्त वेळा लोक तो पाहायला आले. पालघरची ती पोस्टही तशीच, मित्रमैत्रिणींपुरती राहिली असती.

या अटकेनं दिल्लीत एक मुलगी अस्वस्थ झाली. श्रेया सिंघल, वय २१, ब्रिटनमध्ये खगोलभौतिकी शिकून नुकतीच परतलेली. तिनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि खटला चालू असतानाच कायद्याचं शिक्षणही सुरू केलं. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी कलम ६६अ अख्खंच्या अख्खं रद्द केलं. चर्चा करणं, एखादं मत हिरिरीनं मांडणं आणि चिथावणी देणं या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कायद्याचा हात फक्त तिसरीपर्यंत पोचू शकतो, असं त्यांनी सांगितलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मेलेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले जातच राहिले! शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाला पुन्हा आदेश द्यावा लागला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

ॲडमिन मंडळींसाठी

सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर हे कापून ठेवा. गोंदियातल्या एका ग्रुपवर एका सदस्यानं बाईमाणसाबद्दल अश्लाघ्य लिहिलं आणि गुन्हा ॲडमिनवरही दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो रद्द केला. संगनमत नसेल तर दुसऱ्यानं लिहिल्याची शिक्षा ॲडमिनला नाही.

आणि निळ्या खुणा जपून! २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका थकबाकीदाराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून नोटीस पाठवली गेली. दोन निळ्या खुणा दिसल्या, त्यानं फाइल उघडल्याचंही दिसलं, आणि न्यायालयानं नोटीस पोचली असं धरलं.

दहा लाख पत्रं आणि ८ फेब्रुवारी

सामान्य माणसाला इंटरनेटच्या धोरणात काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना २०१५ ची आठवण द्यावी. त्या मार्चमध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकानं ११८ पानांचं, २० प्रश्नांचं चर्चापत्र काढलं. काही ॲप आणि साइट स्वस्त किंवा फुकट, बाकीच्या महाग, असं चालेल का, हा त्यातला कळीचा प्रश्न. काही स्वयंसेवकांनी ते किचकट इंग्रजी सोपं केलं, एका विनोदी व्हिडिओनं ते घरोघरी पोचवलं, आणि महिन्याभरात दहा लाखांहून जास्त ई-मेल ‘ट्राय’कडे गेले. मग ‘ट्राय’नं पारदर्शकतेपोटी ती सगळी पत्रं नावं आणि ई-मेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकली. खुल्या इंटरनेटसाठी लिहिणाऱ्या दहा लाख लोकांचे पत्ते स्पॅमवाल्यांना आयतेच मिळाले! खासगीपणाचं भान न ठेवता केलेली ही चूक मला आजही खटकते.

वर्षअखेरीस फेसबुकनं मोजक्या साइट फुकट देणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’ची मोठी मोहीम काढली. मार्क झकरबर्गच्या लेखात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण होतं: फुकट मिळालेल्या मोजक्या साइटवर हवामान आणि बाजारभाव पाहून त्याचं भलं झालं, म्हणून. शेतकऱ्याला ते मोजके दरवाजेच का, सगळं इंटरनेट का नको, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि तो रास्त होता. फेसबुकनं वापरकर्त्यांकडून एका साच्याची लाखो पत्रं पाठवून घेतली, पण त्यात ‘ट्राय’च्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती. ८ फेब्रुवारी २०१६ ला ‘ट्राय’नं निकाल दिला: मजकुरावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत.

आता ही तारीख बघा. त्याच्या बरोबर २० वर्षं आधी, ८ फेब्रुवारी १९९६ ला, जॉन पेरी बार्लो या अमेरिकी गीतकारानं दावोसमध्ये बसून ‘सायबरविश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ लिहिला होता. सरकारांनो, इथे तुमचं काम नाही, असा त्याचा सूर. कारण त्याच दिवशी अमेरिकेत नेटवरच्या ‘असभ्य’ बोलण्याला शिक्षा देणारा कायदा झाला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती कलमं रद्द केली. तिथेही अडचण तीच, शब्द ऐसपैस, अर्थ लावणारा मोकळा.

आपल्याकडे अशीच एक मोठी झुंज मुंबईत झाली. केंद्र सरकारबद्दलचा कुठला मजकूर खोटा, हे सरकारनंच नेमलेलं पथक ठरवेल, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला.

एक काम तुमच्याकडे

जाहिरातीचा एसएमएस किंवा कॉल आला की आपण चिडून पुसतो, विसरतो. पुसायच्या आधी १९०९ वर तक्रार करा. त्यासाठी आता सात दिवसांची मुदत आहे, आणि नंबर नोंदणीशिवाय जाहिरात करणाऱ्याचा असेल तर तुमची ‘जाहिराती नकोत’ अशी ‘डीएनडी’ नोंदणी नसली तरी चालतं. फसवणुकीचा संशय असेल तर सरकारच्या ‘संचार साथी’ साइटवरचं ‘चक्षू’ आहे, तिथे व्हॉट्सॲपवरचंही कळवता येतं. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या हेल्पलाइनला फोन करा. आणि हे लक्षात असू द्या: नोंदणी नसलेल्या एखाद्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की टेलिकॉम कंपनीला कारवाई करावी लागते. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. आता पाचच. त्यातली एक तुमची असू द्या.